लावलेलं जंगल

थेटफर्डच्या किंग स्ट्रीटवर टॉमस पेनचा सोनेरी पुतळा उभा आहे. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात त्याचंच ‘राइट्स ऑफ मॅन’, आणि ते पुस्तक चक्क उलटं धरलेलं. चार्ल्स व्हीलर या शिल्पकाराचं हे काम १९६४ सालचं. पुस्तक उलटं का, यावर तेव्हापासून तर्क लढवले जातात. काकांना त्यात रस नव्हता. ते चौथऱ्यावरचं नाव वाचत होते.

“जोतीराव फुल्यांनी वाचलं ते हेच पुस्तक ना?”

“हेच. १८४७ च्या सुमाराला. आणि हा माणूस १७३७ साली याच गावात जन्मला.”

“मग बरं झालं आधी इथं आलो ते,” असं म्हणून त्यांनी कानटोपी नीट केली आणि नदी कुठं आहे ते विचारलं. मे महिना होता, ऊन होतं, तरी कानटोपी होती.

काका वनखात्यातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं सोलापूर जिल्ह्यात गेली. माळावर खड्डे, चर, रोपं, टँकर, पंचनामे, यातच माणूस पिकला. मी केंब्रिजला राहते आणि सुट्टी मिळाली की उघड्या माळावरचे पक्षी बघत हिंडते. झाडं लावणं हे पुण्यकर्म आहे असं काकांना वाटतं; झाड कुठं लावलं यावर ते ठरतं असं मला वाटतं. थेटफर्डहून लिटल ऊझ नदीच्या काठाकाठानं सँटन डाउनहॅमवरून ब्रँडनला जाणारी सोळाएक किलोमीटरची वाट मी त्यासाठीच निवडली होती. आधी नदी, मग पाइनचं जंगल, आणि ते जंगल झाडून सारं माणसांनी लावलेलं.

नदीनं काकांची निराशा केली. भीमेचं पात्र पाहिलेल्या माणसाला ही नदी म्हणजे पाटच. पण पाणी स्वच्छ, तळाची हिरवी शेवाळं प्रवाहात लांब झालेली, काठाला विलो आणि आल्डर. बऱ्याच अंतरापर्यंत हीच नॉर्फोक आणि सफोक या परगण्यांची हद्द आहे. ती रेडग्रेव्हजवळच्या दलदलीत उगम पावते. त्याच दलदलीतून वेव्हनी नावाची दुसरी नदी निघते आणि ती पूर्वेला जाते, ही पश्चिमेला. गावातल्या बटन आयलंडवर दलीपसिंगांचा घोड्यावरचा पुतळा लागतो. पंजाबचं राज्य गेल्यावर लहानपणीच इंग्लंडला आणलेला तो महाराजा. १८६३ साली त्यानं इथून जवळच एल्व्हडनची जहागीर घेतली, बंदुकीनं तितर-ससे मारण्यात नाव कमावलं, १८९३ मध्ये पॅरिसला वारला आणि एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात पुरला गेला. काका तिथं गप्प उभे राहिले, आणि मीही काही बोलले नाही. त्यावर दोघांचं एकमत होतं, म्हणून तो विषय लांबला नाही.

गाव मागं पडलं, मोठा रस्ता ओलांडला आणि टू माइल बॉटमजवळ झाडांच्या वर एक चिमणी दिसायला लागली.

“कसला कारखाना?”

“वीजकेंद्र आहे. कोंबड्यांच्या शेडमधली विष्ठा आणि भुसा जाळून वीज करतात. ३८.५ मेगावॅट.”

काका इतके खूष झाले की पुढची दहा मिनिटं नदीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. राख खत म्हणून विकतात हे ऐकल्यावर तर त्यांनी वहीच काढली. निसर्गरम्य भटकंतीत वीजकेंद्र आलं म्हणून नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. मला काकांची ही तऱ्हा जास्त आवडते.

मग जंगल सुरू झालं. स्कॉट्स पाइनची खोडं खाली करडी आणि वर नारिंगी. कॉर्सिकन पाइनची वरपर्यंत राखाडी, सरळ. जमिनीवर सुयांचा तपकिरी थर, त्यावर पिवळे पराग पडलेले. आणि सगळी झाडं ओळीत. एका ठरावीक जागी उभं राहिलं की दोन झाडांमधून पार शेवटपर्यंत दिसतं. एक पाऊल पुढं टाकलं की पडदा पडतो, दुसऱ्या पावलाला पुन्हा उघडतो. काकांनी तीनचार वेळा पाऊल मागंपुढं करून पाहिलं.

“दोरी धरून लावलंय. छान काम आहे.”

“हे शेत आहे, काका. पीक साठ-सत्तर वर्षांनी कापणीला येतं एवढंच.”

“असू दे की. शेताला तू कधीपासून नावं ठेवायला लागलीस?”

“शेताला नाही. शेताला जंगल म्हणून मिरवण्याला. इथं मैलोन् मैल उघडा माळ होता. वाळू, हेदर, ठेंगणं गवत. दुसरीकडं न सापडणाऱ्या वनस्पती, करवानकासारखे पक्षी. १९२२ पासून त्यावर पाइन लावत सुटले. आज एकोणीस हजार हेक्टरच्या आसपास आहे. इंग्लंडच्या सखल भागातलं सगळ्यात मोठं पाइनचं जंगल म्हणून पाटी लावतात.”

“का लावलं ते सांग ना आधी.”

ते मला सांगावंच लागलं. पहिल्या महायुद्धात खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना आधाराची लाकडं लागत होती, जर्मन पाणबुड्या बाहेरून येणारं लाकूड बुडवत होत्या, आणि ब्रिटनची फक्त पाचेक टक्के जमीन झाडाखाली उरली होती. १९१९ साली कायदा करून फॉरेस्ट्री कमिशन नेमलं. त्याला स्वस्त जमीन हवी होती. ती इथं पडून होती: शेतमालाचे भाव कित्येक वर्षं बसलेले, मोठ्या इस्टेटी कर्जात आणि वारसा-करात. सँटन डाउनहॅमची इस्टेट घेतली, तिथला वाडा पाडला, आणि आज त्याच गावात जंगलखात्याचं कार्यालय आहे.

“बघ! गरज होती, जमीन होती, माणसं होती.” काकांनी बोटं मोजली. “मजूर कुठनं आणले?”

“काहींना इथंच राहायला घर आणि थोडी शेती दिली. वर्षातून दीडशे दिवस कामाची हमी. तिशीच्या मंदीत बेकार तरुणांच्या छावण्या उघडल्या. त्यातली एक इथल्या हाय लॉजला होती.”

“दीडशे दिवस हमी!” काका थांबलेच. “बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडं कामावर आलेली माणसं मी पाहिलीत. खडी फोडून हात सोललेले. पुढं हमीचा कायदा झाला तो सत्त्याहत्तरला. ज्या माणसाच्या घरी त्या रोजावर चूल पेटली, त्याला जाऊन सांग, की बाबा, तू खड्डा खणलास त्यानं गवताचं नुकसान झालं.”

याला उत्तर देणं सोपं नाही, आणि मी दिलंही नाही. मजुरी हा युक्तिवाद आला की पर्यावरणवाल्यांची भाषा एकदम पांढरपेशी वाटायला लागते. मी वेगळ्या बाजूनं आले.

“कामाला माझी ना नाही. तुमच्या नान्नजच्या माळावर ग्लिरिसिडिया लावला त्याचं काय झालं ते तुम्हीच सांगा.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं? १९७९ ला माळढोकसाठी अभयारण्य जाहीर केलं. माळढोकाला लांबवर नजर जाईल असा उघडा माळ लागतो. आणि आपण त्याच्या नजरेत झाडं रोवली.”

“माळढोक संपला तो सगळा झाडांनी संपला असं म्हणशील तर मी ऐकून घेणार नाही. विजेच्या तारा, विहिरी, ऊस, कुत्री. तू आमच्या खात्यालाच धरून बसतेस.”

“नाही संपला नुसत्या झाडांनी. तेवढं मी मान्य करते. आणि गंमत म्हणजे इथंही झाडांनी नाही संपला.”

“इथं कुठला माळढोक?”

“त्याचाच भाऊबंद. ग्रेट बस्टर्ड. इंग्लंडमधले शेवटचे जे थवे होते ते याच वाळूच्या माळावर. १८३० च्या दशकात इथली वीण संपली. पाइन यायच्या नव्वद वर्षं आधी.”

“मग कशानं?”

“शिकार. आणि ओळीत पेरणारी, कोळपणारी शेती आली, घरटी मोडली.”

काका समाधानानं हसले. आपल्याच पुराव्यानं आपली बाजू पातळ व्हावी आणि समोरच्याला ते कळावं, यासारखा वैताग नाही. पण त्या हसण्यातच मला एक लक्षात आलं, की आम्ही नॉर्फोकबद्दल भांडत नव्हतोच. दोघांच्याही डोळ्यांपुढं सोलापूरचा माळ होता. तिथं मी बरोबर आहे असं मला आजही वाटतं: तो माळ गुराख्यांचा, लांडग्यांचा, काळविटांचा होता, आणि त्याला झाडांची वाण होती हे कागदावरच ठरलं. इथली गोष्ट मात्र तेवढी सरळ नाही.

ती कशी नाही, ते सँटन डाउनहॅमच्या पुलाजवळ बसून शेंगाचटणी-पोळी खाताना निघालं. नदी तिथं वळण घेते. खंड्या एकदा निळी रेघ ओढून गेला. मी काकांना त्या गावची १६६८ सालची हकीकत सांगितली. लेकनहीथच्या बाजूनं, पाचेक मैलांवरून, वाऱ्यानं वाळू चालत आली. हो, चालतच, वर्षानुवर्षं पुढं सरकत. घरं पुरली गेली, शेतं गेली, नदीचं पात्र भरून होड्या अडल्या. थॉमस राइट नावाच्या इथल्याच जमीनदारानं रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. त्यानं काटेरी झुडपांची कुंपणं एकावर एक चढवली, गाड्या भरभरून शेणखत-माती टाकली, तेव्हा कुठं वाळू थांबली.

“आणि ही वाळू मोकळी कुणी केली?” काकांनी पोळीचा तुकडा हातातच ठेवला. “आपोआप सुटली?”

“मेंढ्या. ससे. आणि नांगर. जमीन इतकी हलकी, की चार-पाच वर्षं पीक घ्यायचे आणि कित्येक वर्षं सोडून द्यायचे.”

“ससे तर मोकाटच असतील.”

“मोकाट कुठले, पाळीव म्हणा. नॉर्मन लोकांनी आणले. इथं सशांची राखीव रानं होती. थेटफर्डच्या मठाधिपतीनं राखणदारासाठी बांधलेली दगडी गढी अजून उभी आहे, इसवी १४०० च्या सुमाराची. मांस, कातडी, पुढं ब्रँडनला टोप्यांसाठी लोकर. सशांनी गवत मुळापर्यंत कुरतडायचं, वाळू उघडी पाडायची.”

“म्हणजे तुझा तो माळ!” काकांचा आवाज चढला. “मठाचा धंदा, सशांचा धंदा, मेंढ्यांचा धंदा! त्याआधी काय होतं?”

“झाडं होती. अश्मयुगात तोडली. इथून जवळच ग्राइम्स ग्रेव्हज म्हणून साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या चकमकीच्या दगडाच्या खाणी आहेत. चारशेवर खड्डे.”

“मग झालं. त्यांनी तोडली, यांनी लावली. तू मधलाच एक तुकडा धरून तोच खरा म्हणतेस.”

मान्य करते, हा वार वर्मी बसला. माळ नैसर्गिक आणि जंगल कृत्रिम, अशी मांडणी इथं टिकत नाही. दोन्ही माणसांचीच करणी. पण काकांना वाटलं तसा वाद तिथं संपत नाही, कारण माणसानं केलेल्या दोन गोष्टींत डावं-उजवं असू शकतं. माळ घडायला हजारो वर्षं लागली आणि त्या काळात शेकडो जीव त्याच्याशी जुळले. २०१० मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं या टापूतल्या जीवांची मोजदाद केली, तेव्हा साडेबारा हजारांवर जातींच्या नोंदी निघाल्या. त्यात देशभरात दुर्मीळ असलेल्या दोन हजारांहून जास्त. त्यातल्या कित्येकांना सावली नको, दाट गवत नको. उकरलेली, उघडी, गरीब जमीन हवी. पाइनच्या सुयांखाली ती मिळत नाही.

हे मी काकांना सांगत होते तेव्हा आम्ही तोडणी झालेल्या एका पट्ट्यापाशी आलो होतो. पंचवीस-तीस एकर साफ. माती उलथलेली, उपटलेली बुडखी ओळीनं रचलेली, मधून गुडघ्याएवढी नवी रोपं. फाटकावर सूचना होती: जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, कुत्री बांधून न्या. वर हवेत एक वुडलार्क, आपल्या चंडोलाचाच भाईबंद, गात गोल फिरत होता.

“हा कुठं राहतो?”

“इथंच. या तोडलेल्या पट्ट्यात. रात्री इथं रातवाही बोलतो. दोघंही घरटं जमिनीवर घालतात. झाडं वाढून सावली दाटली की ते निघून जातात आणि पुढच्या तोडलेल्या पट्ट्यात जातात.”

काकांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. पुढचं वाक्य त्यांनी बोलायची गरज नव्हती, पण ते बोललेच. “म्हणजे तुझा माळ आमच्या कुऱ्हाडीनं फिरता ठेवलाय.”

“फिरता ठेवलाय हे खरं. पण तो पाखरांना पुरतो. पाखरू उडून दुसऱ्या पट्ट्यावर जातं. पायाखालची वनस्पती, भुंगेरा, कोळी कसा जाणार? मध्ये अर्धा मैल काळोखी पाइन. म्हणून आता जंगलातल्या वाटा रुंद करून, वरचा थर खरवडून माळाचे तुकडे एकमेकांना जोडायचं चाललंय.”

“बुडखी का उपटलीत पण? एवढा खर्च!”

आता काका त्यांच्या पेशात आले होते आणि मला आनंदानं मागं राहावं लागलं. पाइन तोडला की ताज्या बुडख्यावर एका बुरशीचे बीजाणू पडतात, मुळांतून शेजारच्या झाडात जातात आणि झाड आतून कुजतं. इथल्या चुनखडीच्या जमिनीत ती फार माजते. केंब्रिजचे जॉन रिशबेथ यांनी १९५० च्या आसपास याच भागातल्या पाइनवर तिचा अभ्यास केला आणि नंतर तोड काढली ती सुंदर होती: बुडख्यावर दुसऱ्या एका निरुपद्रवी बुरशीचं पाणी मारायचं. ती आधी घर करते, मग पहिलीला जागा मिळत नाही. जिथं तेवढ्यानं भागत नाही तिथं बुडखंच काढतात. काका बुडख्यापाशी वाकले, मुळाचा एक तुकडा मोडला, हुंगला, खिशात घातला. पुढचा मैलभर ते बुरशीबद्दलच बोलत होते आणि मला वाटलं, आता वाद गेला.

तो परत आला तो वेगळ्याच दारानं. समोरून एक वयस्कर जोडपं आलं, कुत्रा दोरीला बांधलेला, हवापाण्याचं बोलून पुढं गेलं. काकांनी विचारलं, “ही सरकारी हद्द. यांना कुणी अडवत नाही?”

“नाही. नदीकाठची वाट म्हणजे लोकांचा हक्क, नकाशावर नोंदलेला. जंगलाचा मोठा भागही पायी हिंडायला खुला आहे. शेजारची एल्व्हडनची इस्टेट मात्र दलीपसिंगांच्या पश्चात गिनेस घराण्यानं घेतली, ती आजही खासगी.”

“मग तू याला नावं ठेवताना हेही मोज. माळ होता तेव्हा तो कुणाचा होता? जहागीरदाराचा. ससा मारला तर तुरुंग. पाइन लावल्यावर सामान्य माणूस आत आला.”

“माझ्या मुद्द्याला हे उत्तर नाही.”

“तुझ्या नसेल. टॉमस पेनच्या मुद्द्याला आहे.”

हे मला अपेक्षित नव्हतं. काकांनी फक्त ‘राइट्स ऑफ मॅन’ ऐकलं असेल असं मी धरून चालले होते. त्यांना ‘अग्रेरियन जस्टिस’ही माहीत होतं, १७९७ चं. पेन म्हणतो, न कसलेली जमीन ही सगळ्या मानवजातीची. कसणाऱ्याच्या मालकीचं काय, तर त्यानं घातलेली भर तेवढी. म्हणून जमीनवाल्यानं समाजाला भाडं द्यावं आणि त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला पंधरा पौंड, पन्नाशीनंतर वर्षाला दहा पौंड मिळावेत. माळरानाच्या कुशीत जन्मलेल्या माणसाला हे सुचावं, याचं काकांना नवल वाटत नव्हतं.

मग मीच त्यांना त्यांच्या बाजूचा पुरावा दिला. २०१० च्या अखेरीस इंग्लंडच्या सरकारनं सरकारी जंगलं विकायचा किंवा भाड्यानं द्यायचा बेत काढला. पाच लाखांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारनं तो मागं घेतला. त्या सह्यांमध्ये जुन्या ओक-बनांवर जीव असलेले होते तसे या ओळीतल्या पाइनमध्ये रविवारी फिरणारेही होते.

“नव्वद वर्षांत शेताचं जंगल झालं की नाही?” काका म्हणाले.

“लोकांचं झालं. कोळ्याचं नाही झालं.”

“कोळी सही करत नाही.”

“म्हणून तर कुणीतरी भांडावं लागतं.”

ब्रँडन जवळ आलं तसं पाइन विरळ झालं आणि नदीकाठी कुरणं आली. एका कडेला कॉर्सिकन पाइनचा तुकडा होता, खालच्या फांद्या जवळजवळ नागड्या, उरलेल्या सुयांवर लालसर पट्टे. हा पानांचा बुरशीरोग या शतकात इतका पसरला की कॉर्सिकनची नवी लागवड इथं थांबवावी लागली. दोरी धरून लावलेल्या, भरवशाच्या त्या एका जातीवर जंगलाचा मोठा हिस्सा उभा होता. काकांनी एक सुई तोडून उन्हात धरली.

“आता काय लावणार म्हणतात?”

“निरनिराळ्या जाती मिसळून. चाचण्या चालू आहेत. तुम्ही काय लावाल?”

“मी?” ते खूष झाले, हा प्रश्न त्यांना निवृत्त झाल्यापासून कुणी विचारला नसावा. “एक जात कधीच नाही. दहा लावीन, सगळी वेगवेगळ्या वयाची. नदीकडं पानझडी. आणि तू?”

“तिसरा हिस्सा उघडा ठेवीन. मेंढ्या आणि ससे सोडून.”

“तिसरा? फार होतो. पाचवा देतो.”

“चौथा. आणि वाटांच्या कडा वेगळ्या.”

“बरं, चौथा. पण वाळू सुटली तर?”

“सुटायला हवीच आहे थोडी, काका. त्या रोपांना उघडी वाळूच लागते.”

“थोडी म्हणजे किती ते लेखी दे,” काका म्हणाले, “आणि त्यावर आधी थॉमस राइटची सही आण.”